चीन न पाहिलेली चिनी माती

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस घरोघर माळे आणि फडताळे रिकामी होतात. पितळेचे डबे चिंचेने घासले जातात, जाती-पाटे पुसले जातात, आणि सगळ्यांत शेवटी, मुलांना चार हात लांब उभे करून, घरातली वडीलधारी बाई फडताळाच्या वरच्या खणातून एखादी जुनी थाळी खाली काढते. पांढऱ्या अंगावर निळी वेलबुट्टी, किंवा हिरव्या द्राक्षांचा उठावदार घोस, कडेला एखादा टवका उडालेला. "जपून रे, चिनी मातीची आहे," असे ती म्हणते; आणि घरातली सगळी पोरे ती थाळी चीनहून आली असे समजून चालतात.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील जुन्या वाड्यांत, गुळाच्या व्यापाऱ्यांच्या घरांत, बागाईतदारांच्या माड्यांवर अशा थाळ्या, बशा, तसराळी अजून आढळतात. त्यांतल्या पुष्कळशांनी चीन देश कधी पाहिलेलाच नाही. त्यांचे माहेर आहे इंग्लंडातला स्टॅफर्डशायर परगणा, नाहीतर हॉलंडमधले मास्ट्रिच्ट शहर. आपल्या भाषेने मात्र चकाकणाऱ्या सगळ्याच मातीला एकदा 'चिनी' म्हटले ते कायमचे. हे पाहुणे आपल्या फडताळात कसे येऊन बसले, येताना काय घेऊन आले, आणि आपण त्यांना कसे वागवले, ही हकिकत मोठी रंजक आहे आणि थोडी बोचरीही. फराळाचे ताट पुढे असताना ती ऐकायला हरकत नाही.

प्रथम माती म्हणजे काय ते पाहू. पणती नवी आणली की आपण ती लावण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत घालतो. का? तर कोरडी पणती तेल पिते. कुंभाराच्या आव्यात भाजलेल्या मातीला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. ही छिद्रे म्हणजे त्या मातीचा दोष, असे कोणी म्हणेल. पण उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते ते त्या छिद्रांतून झिरपलेल्या ओलाव्याची वाफ होते म्हणूनच. माठाला काचेसारखी झिलई चढवली तर तो दिसेल देखणा, पण वैशाखात त्यातले पाणी कोमटच राहील. इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ कुंभारगाव नावाचे गावच आहे. हल्ली हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला लोक तेथे जातात. कुंभाराच्या नावाने गाव ओळखावे इतके ज्या मुलखात या कारागिराचे महत्त्व होते, तेथे झिलईवाचून काही अडले नव्हते. बारा बलुतेदारांतला कुंभार माती मळताना तीत राख आणि लीद कालवीत होता, चाकावर घडवीत होता, थापटण्याने थापटीत होता आणि आव्यात भाजीत होता. पाणी थंड राखणे, धान्य साठवणे, गाडगे चुलीवर चढवणे ही आपली गरज त्याने पुरी ओळखली होती.

आणि आंबट-खारट पदार्थांचे काय? त्यासाठी आपल्याकडे धातू होता आणि कल्हई होती. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, म्हणून कल्हईवाला नवसागर टाकून तापल्या भांड्यावर कथलाचा हात फिरवी. धातूला जशी कल्हई, तशी मातीला झिलई. युरोपातल्या कुंभाराने हीच गोष्ट मातीच्या बाबतीत केली, एवढाच फरक. त्याने यासाठी धरले ते शिसे.

शिशाची गंमत अशी की ते वाळूशी मिसळून तापवले की थोडक्या आचेवर काच बनते. रोमन लोकांना दोन हजार वर्षांपूर्वी ही युक्ती ठाऊक होती. मध्ययुगात युरोपचे खेडवळ कुंभार शिशाच्या खनिजाची पूड ओल्या मडक्यावर भुरभुरून ते भट्टीत टाकीत. आत मडके भाजले जाई आणि वर मधाच्या रंगाची चकाकी येई. त्यात तांब्याचा अंश टाकला की हिरवा रंग, लोखंडाचा टाकला की तपकिरी, मँगनीजचा टाकला की जांभळट. इटलीच्या कारागिरांनी शिशाच्या जोडीला कथील घातले, तेव्हा झिलई दुधासारखी पांढरी आणि अपारदर्शक झाली. तिच्यावर चित्रे काढता येऊ लागली. तिला मायोलिका म्हणत. म्हणजे आपल्या कल्हईवाल्याचे कथील तिकडे चित्रकाराचा कागद झाले!

या कलेच्या पायी वेडे झालेले लोकही होऊन गेले. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये बर्नार पालिसी नावाचा एक काचचित्रकार होता. एकदा एक पांढऱ्या झिलईचा पेला त्याच्या पाहण्यात आला, आणि तशी झिलई साधायची या ध्यासाने त्याने वर्षानुवर्षे भट्ट्या पेटवल्या. अखेर सरपण संपले, तेव्हा घरातली मेजे आणि जमिनीच्या फळ्याही त्याने भट्टीत घातल्या. ही गोष्ट त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. त्याच्या थाळ्यांवर मासे, साप, बेडूक, शेवाळ आणि शिंपले असत. खऱ्या प्राण्यांवरून साचे घेऊन ते बनवलेले, आणि वर शिशाची रंगीत, ओलसर वाटावी अशी झिलई. जेवायला या थाळ्यांचा उपयोग नव्हता, त्या पाहायच्याच. राणी कॅथरिन द मेदिची हिचा त्याला आश्रय मिळाला. पण पालिसी प्रोटेस्टंट पंथाचा होता आणि तो काळ धर्मयुद्धांचा. उतारवयात त्याला पकडण्यात आले आणि १५९० च्या सुमारास पॅरिसच्या बास्तील तुरुंगात तो मेला. घराचे सरपण करणाऱ्या या माणसाची गोष्ट पुढे एकोणिसाव्या शतकात चिकाटीचा धडा म्हणून पुस्तकांतून सांगितली जाऊ लागली. त्याच्या बायकोला त्या धड्यात कोणी विचारले नाही, हे माझ्यातल्या कादंबरीकाराला राहून राहून जाणवते.

आता बारामतीकडे येऊ. १७२९ साली पन्हाळगडावर एक मुलगा जन्मला. तरुणपणी तो बाबूजी नाईकांच्या आश्रयाला बारामतीस आला, कऱ्हेच्या काठी राहिला, पुराण सांगत राहिला, आणि आर्यांमागून आर्या रचत राहिला. तेच आपले मोरोपंत. १७९४ साली बारामतीतच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या जन्मानंतर वर्षभराने, १७३० साली, स्टॅफर्डशायरच्या बर्स्लेम गावी एका कुंभाराच्या घरी शेवटचे अपत्य जन्मले. त्याचे नाव जोसाया वेजवुड. तो वारला १७९५ च्या जानेवारीत. म्हणजे दोघांची आयुष्ये जवळजवळ ओळीला ओळ लावून ठेवल्यासारखी! दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नव्हते. पण कारागिरी म्हणून पाहिले तर दोघांचे गोत्र एकच वाटते.

वेजवुडला लहानपणी देवी आल्या आणि त्याचा एक पाय अधू झाला. १७६८ साली तो पाय कापून टाकावा लागला. चाक पायाने फिरवण्याचे काम त्याला जमेना. मग तो मातीचा अभ्यास करू लागला. नमुन्यामागून नमुना भाजायचा, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि वहीत टिपून ठेवायचे, हा त्याचा शिरस्ता. पांढरी माती, दळलेली गारगोटी आणि वर शिशाची नितळ झिलई यांतून त्याने मलईच्या रंगाची अशी भांडी सिद्ध केली की १७६५ साली इंग्लंडच्या शार्लट राणीने त्यांचा चहाचा संच मागवला. तेव्हापासून त्या भांड्यांना 'क्वीन्स वेअर' म्हणजे राणीची भांडी हे नाव पडले. भट्टीतली आच मोजण्याचे साधनही त्याने शोधले, आणि त्याबद्दल १७८३ साली रॉयल सोसायटीने त्याला आपला सभासद करून घेतले. इकडे मोरोपंत ओठ न मिटता म्हणता येईल असे निरोष्ठ रामायण रचीत होते. तिकडे वेजवुड एका छटेसाठी शेकडो नमुने मोडीत टाकीत होता. स्वतःला जाचक नियम घालून घ्यायचे आणि त्या नियमांतून सफाई काढायची, ही वृत्ती दोघांची सारखीच.

आणखी एक योगायोग सांगतो. रशियाच्या कॅथरिन सम्राज्ञीसाठी वेजवुडने १७७४ साली ९५२ नगांचा एक प्रचंड संच पुरा केला. प्रत्येक नगावर इंग्लंडातल्या स्थळांची चित्रे आणि एक हिरवा बेडूक. कारण ज्या महालासाठी तो संच होता तो बेडकांच्या दलदलीत उभा होता. इकडे आपल्या कवीने आपल्या नावावर कोटी करून देवाला मारलेल्या हाकांना 'केकावली' म्हटले. केका म्हणजे मोराची हाक. एकाच पिढीत कऱ्हाकाठी मोर बोलला आणि नेवा नदीकाठी बेडूक! पावसाची वाट पाहणारे दोघेही.

पण कवितेला वाहन लागत नाही, भांड्याला लागते. खाचखळग्यांच्या रस्त्यावरून खेचरांच्या पाठीवर माल नेताना निम्मा फुटे. म्हणून वेजवुडने आणि इतर कारखानदारांनी कालव्याचा आग्रह धरला. १७६६ साली त्याने स्वतः पहिले ढेकूळ खणले आणि १७७७ साली ट्रेंट व मर्सी या नद्यांना जोडणारा कालवा पुरा झाला. संथ पाण्यावरून भांडी न फुटता बंदराला पोहोचू लागली आणि तेथून जगभर.

आपल्याकडे ती यायला पुढचे शतक उजाडावे लागले. १८५८ साली पुण्याहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी डिकसळपर्यंत आली. हे डिकसळ इंदापूर तालुक्यातले. भोरघाटाचे काम १८६३ साली पुरे झाले आणि मुंबई बंदराशी आपला मुलूख सलग रुळांनी जोडला गेला. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि विलायत जवळ आली. मग १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला. पुन्हा अशी पाळी येऊ नये म्हणून ज्या कामांना जोर आला, त्यांत भाटघरचे धरण आणि नीरेचा डावा कालवा ही मोठी कामे होत. बारामती आणि इंदापूरच्या जिराईत माळांवर पाणी खेळू लागले, ऊस उभा राहिला, गुऱ्हाळे पेटली, आणि बारामतीच्या गुळाचे नाव पेठांतून गाजू लागले. पुढे दौंडहून बारामतीला छोटी गाडीही आली. म्हणजे पाहा, तिकडच्या कालव्याने भांडी बाहेर पाठवली आणि इकडच्या कालव्याने ती विकत घेण्याइतका पैसा हाती दिला. गूळ पेठेला गेला आणि पेठेतून कपबशी घरी आली.

तोवर तिकडचा मालही बदलला होता. मिंटन यांच्या कारखान्यात लेओं आर्नू या फ्रेंच कलासंचालकाने १८४९ पासून जुन्या पालिसीच्या धर्तीवर शिशाच्या रंगीत झिलयांची भांडी काढली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यांनी लोकांचे डोळे दिपवले. पाने, द्राक्षे, पक्षी, कणसे असे उठाव असलेली ही भांडी 'माजोलिका' या नावाने प्रसिद्ध झाली आणि तिची स्वस्त नक्कल पुढे अनेकांनी केली. फडताळातल्या हिरव्या द्राक्षांच्या थाळीचे घराणे बहुधा हेच.

मुंबईतही हा प्रयोग झाला हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८५७ साली सुरू झालेल्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७० नंतरच्या दशकात मातीकामाचा विभाग काढला. सिंधमधल्या चमकदार भांड्यांची रीत आणि अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रे यांचा मेळ घालून तेथे कुंभ, सुरया, थाळ्या तयार झाल्या. जॉर्ज बर्डवुड यांनी हिंदी कलाकौशल्यावरच्या आपल्या १८८० सालच्या ग्रंथात त्यांची दखल घेतली. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांतले नमुने आजही पाहायला मिळतात. पण ही भांडी प्रदर्शनांसाठी आणि साहेबांच्या दिवाणखान्यांसाठी होती. अजिंठ्याची राजकन्या थाळीवर बसून विलायतेला गेली. बारामतीच्या स्वयंपाकघरात आली ती विलायतेची द्राक्षे!

आणि स्वयंपाकघरात तरी कुठे आली? येथेच या हकिकतीतला बोचरा भाग येतो. जुन्या आचाराप्रमाणे धातूचे भांडे राखेने घासले की शुद्ध होई. मातीचे भांडे विटाळले की टाकून द्यावे लागे. सुतक फिटले की घरातली जुनी मडकी बाहेर जात. या विचाराला निदान एक आधार होता: माती पिते, तिच्यात मुरलेले बाहेर निघत नाही. मग ही चकाकणारी विलायती माती कशात धरायची? झिलईची माती काही पीत नाही. पाण्याने धुतली की लख्ख. पण नाव 'माती' पडले होते, आणि त्यात ती परधर्मीयांच्या हातची. म्हणून ती ओटीवर राहिली, दिवाणखान्यात राहिली, चुलीपाशी गेली नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशा मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, तेव्हा त्या एका चहावरून केवढे ग्रामण्य माजले, शंकराचार्यांकडून चौकशी झाली आणि थोरामोठ्यांना प्रायश्चित्ते घ्यावी लागली, हे महाराष्ट्राला माहीत आहे.

एवढ्यावर भागले असते तर आज आपण हसून सोडून दिले असते. पण चहा खेडोपाडी पोहोचला तेव्हा महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत एक कपबशी निराळी ठेवली जाऊ लागली. ती कान तुटलेली, कडेला टवका उडालेली. बाहेर वळचणीला अडकवलेली. दलित गिऱ्हाइकाने ती आपल्या हाताने काढायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, स्वतः विसळायची आणि परत तेथेच अडकवायची. आता विचार करा. त्या कपाला झिलई होती. तो काहीएक पीत नव्हता, त्याच्यात काहीएक मुरत नव्हते. माती विटाळते हे कारण जर खरे असते, तर झिलईबरोबर ते संपायला हवे होते. ते संपले नाही. कारण छिद्रे मातीत नव्हतीच, ती पाहणाऱ्याच्या मनात होती. १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ साली तिच्याविरुद्ध कायदा झाला. तरी वळचणीचा कप खाली उतरायला कित्येक ठिकाणी त्यानंतरही वर्षे लागली. संग्रहालयात राणीच्या बशा मांडतात. मला वाटते, तसला एखादा कान तुटलेला कपही तेथे मांडावा. इतिहासाचे ते अधिक बोलके खापर आहे.

तिकडच्या चकाकीचीही किंमत कोणीतरी मोजतच होते. स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांत भांडी झिलईत बुडवणाऱ्या कामगारांच्या, त्यांत पुष्कळशा बायका आणि पोरसवदा मुले, अंगात शिसे भिनत असे. पोटात कळा येत, मनगटे लुळी पडत, गर्भ गळत. ओरड इतकी झाली की १८९८ साली ब्रिटिश सरकारने थॉर्प आणि ऑलिव्हर या दोन तज्ज्ञांना चौकशीस नेमले. शिसे कमी करता येते, बिनशिशाची झिलईही करता येते, हे पुढे आले. पण कारखाने सुधारायला बराच काळ गेला.

हे शिसे भांड्यातही राहते, म्हणून घरच्या मंडळींना एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. जुन्या विलायती रंगीत थाळीत, विशेषतः जिच्या झिलईला केसासारख्या चिरा गेल्या आहेत अशा थाळीत, लोणचे, चिंचेची चटणी, लिंबू पिळलेला चिवडा असले आंबट पदार्थ वाढू नका. आंबटाने शिसे सुटते आणि पोटात जाते. मुलांना ते अधिक बाधते. थाळी भिंतीवर लावा, फडताळात मिरवा, रांगोळीशेजारी ठेवा, जेवायला नको. लोणच्याची आपली जुनी दुरंगी बरणी ही निराळ्या जातीची. ती फार कडक आचेवर भाजून दगडासारखी केलेली असते आणि तितक्या आचेला शिशाची गरज पडत नाही. तसल्या बरण्यांसाठी सौराष्ट्रातला थान-मोरबीचा भाग प्रसिद्ध झाला आणि तेथे परशुराम गणपुले या मराठी माणसाने परशुराम पॉटरी हा कारखाना नावारूपाला आणला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट.

यंदा थाळी खाली काढाल तेव्हा ती हलकेच उलटी करून पाहा. मागे पत्त्यांतल्या चौकटीसारखी आकृती आणि तीत बारीक अक्षरे असतील तर ती १८४२ ते १८८३ या काळातली नोंदणीची खूण. नुसते 'इंग्लंड' असे नाव छापलेले असेल तर ती बहुधा १८९१ नंतरची. कारण आयात मालावर देशाचे नाव हवेच हा अमेरिकेचा कायदा त्या वर्षी अमलात आला. मुलांना ती अक्षरे वाचू द्या. शाळेत मी सनावळ्या शिकवतो आणि मुले जांभया देतात. तीच सनावळी आजीच्या थाळीच्या पाठीवर सापडली की त्यांचे डोळे मोठे होतात, हा माझा अनुभव आहे.

मग थाळी जागेवर ठेवा आणि पणत्या भिजत घाला. त्या घेताना कुंभारणीशी चार आण्यांची घासाघीस करण्याची आपली खोड यंदा सोडून देऊ. विलायतेच्या द्राक्षांना शंभर वर्षे फडताळात मान दिला. ज्या मातीच्या उजेडात आपण लक्ष्मी पुजतो तिला एक दिवस पुरा भाव देऊ या. आणि दाराशी जो कोणी दिवाळीचा म्हणून येईल, त्याच्यापुढे घरातलीच कपबशी ठेवू.